शंका-समाधान : वंशावळीतली हिब्रू नावे

उत्पत्ती, १ इतिहास आणि मत्तय या पुस्तकांतल्या वंशावळींविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. नावे मराठी पवित्र शास्त्रात छापतात तशीच दिली आहेत. मूळ उच्चारावर काही अवलंबून असेल तिथे तो वेगळा सांगितला आहे.

प्रश्न : आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांचे अर्थ ओळीने वाचले, की ‘मनुष्याला नेमले गेले मर्त्य दुःख, पण धन्य देव खाली येऊन शिकवील, त्याचा मृत्यू हताशांना विश्रांती आणील’ असे वाक्य तयार होते, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. उपदेशातही हे ऐकले. हे खरे आहे का? (अहिल्यानगर)

उत्तर : नाही. दहापैकी काही अर्थ बरोबर आहेत, म्हणूनच सगळी साखळी खरी वाटते. एकेक नाव तपासू.

‘आदाम’ म्हणजे मनुष्य, हे ठीक. ‘शेथ’चा संबंध ‘ठेवणे, देणे’ या क्रियापदाशी उत्पत्ती ४:२५ मध्येच जोडला आहे, तेही ठीक. ‘अनोश’ म्हणजेही मनुष्य, आणि त्यात दुर्बळपणाची छटा आहे. नोहाचा धातू ‘विसावणे’ हाच आहे. ‘यारेद’ म्हणजे उतरणे, पण ‘उतरेल’ असा भविष्यकाळ त्या रूपात नाही. ‘हनोख’ हा वास्तूचे अर्पण करणे, सुरुवात करून देणे या धातूतला. मंदिराच्या पुनरर्पणाच्या सणाला हनुक्का म्हणतात तो याच धातूवरून. नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला वळण लावण्यासाठी तोच शब्द येतो, म्हणून ‘शिकवणे’ हा अर्थ ओढून का होईना बसतो.

आता न बसणारी नावे. ‘महललेल’ म्हणजे ‘देवाची स्तुती’. ‘धन्य देव’ म्हणायला हिब्रूत ‘बारूख’ हा वेगळा शब्द आहे. ‘केनान’चा अर्थ ‘दुःख’ केला तो विलापगीताच्या ‘कीना’ या शब्दावरून, कारण अक्षरे जुळतात. पण तीच अक्षरे काइनच्याही नावात आहेत, आणि अरबी व अरामी भाषांत त्या अक्षरांचा शब्द धातुकाम करणाऱ्यासाठी वापरतात. केनान हे काइनचेच लांबवलेले रूप दिसते. ‘लामेख’ला तर हिब्रूत धातूच सापडत नाही, ‘हताश’ हा अर्थ कुणीतरी चिकटवलेला आहे.

सगळ्यात मोठी ओढाताण ‘मथुशलह’च्या बाबतीत होते. ‘त्याचा मृत्यू’ हे हिब्रूत ‘मोतो’ होते, ‘मथु’ नव्हे. ‘मथु’ हे ‘पुरुष’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचे रूप आहे. अक्कादी या बाबेलकडच्या प्राचीन भाषेत तोच शब्द ‘मुतु’ असा येतो, आणि उत्पत्ती ४:१८ मधल्या ‘मथुशाएल’ या नावातही तोच आहे. ‘शलह’ म्हणजे फेकून मारायचे शस्त्र. म्हणजे ‘भाल्याचा माणूस’, भालाईत. ‘शलह’ हे एखाद्या देवाचे नाव असावे, असेही काही अभ्यासक मानतात. ‘मृत्यू आणील’ हा अर्थ मात्र व्याकरणाने निघत नाही.

‘पण मथुशलह जलप्रलयाच्याच वर्षी मेला ना?’ असे यावर हमखास विचारतात. मराठी भाषांतर ज्या हिब्रू पाठावरून झाले त्यात तो हिशेब जुळतो : लामेख झाला तेव्हा त्याचे वय १८७, नोहा झाला तेव्हा लामेखाचे १८२, प्रलयाच्या वेळी नोहाचे ६००. बेरीज ९६९, आणि मथुशलहाचे आयुष्यही ९६९. पण प्राचीन ग्रीक भाषांतराच्या मुख्य पाठात हेच आकडे १६७, १८८ आणि ६०० आहेत. बेरीज ९५५ होते आणि मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षे जगतो. शोमरोनी लोकांनी जपलेल्या हिब्रू पाठात ६७, ५३ आणि ६००, बेरीज ७२०, आयुष्यही ७२०. वयाचे आकडे पाठागणिक बदलतात, तेव्हा त्यांच्या आधाराने नावाचा अर्थ पक्का करता येत नाही.

नावांच्या ओळीतून वाक्य निघत असल्याचे सबळ उदाहरण हवे असेल, तर १ इतिहास २५:४ काढा. हेमानाच्या चौदा मुलांपैकी शेवटची नऊ नावे पाहा : हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोममती-एजेर, याश्बकाशा, मल्लोथी, होथीर, महजियोथ. यांतले ‘गिद्दल्ती’ म्हणजे ‘मी थोर केले’, ‘रोममती’ म्हणजे ‘मी उंचावले’. ही प्रथमपुरुषी पूर्ण क्रियापदे आहेत, माणसांची नावे सहसा अशी नसतात. सुरुवातीच्या नावांच्या स्वरांत थोडा फरक केला की ‘हे परमेश्वरा, माझ्यावर कृपा कर, माझ्यावर कृपा कर, तू माझा देव आहेस’ अशी प्रार्थना ऐकू येते. म्हणून या ठिकाणी एखाद्या स्तोत्राच्या ओळी नावांच्या यादीत आल्या असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. उत्पत्ती ५ ची नावे हिब्रूत सलग वाचली तर वाक्य बनत नाही. संदेशातले ‘पण’, ‘येऊन’, ‘आणील’ हे सगळे भाषांतर करणाऱ्याने घातलेले आहे.

प्रश्न : एखाद्या नावाचा अर्थ स्वतः शोधायचा तर कसा शोधावा? दोन संकेतस्थळांवर दोन वेगळे अर्थ मिळतात. (नाशिक)

उत्तर : मराठी किंवा इंग्रजी स्पेलिंगवरून शोधू नका, घोटाळा तिथेच होतो. हिब्रूतली काही वेगवेगळी अक्षरे मराठीत एकाच अक्षराने लिहिली जातात. आलेफ आणि आयिन दोन्हींचा ‘अ’ होतो. ‘हे’ आणि हेथ दोन्हींचा ‘ह’. टेथ आणि ताव यांचा ‘त’ किंवा ‘थ’, काफ आणि कोफ यांचा ‘क’ किंवा ‘ख’. सामेख, सीन आणि सादे या तिन्हींचा ‘स’.

उत्पत्ती ११:२६-३२ हा उतारा घ्या. तेरहाच्या मुलाचे नाव हारान, आणि तेरह जिथे जाऊन राहिला ते गावही हारान. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ‘मुलाच्या नावावरून गावाचे नाव पडले’ असे ठोकून दिले जाते. मुळात मुलाच्या नावाचे पहिले अक्षर ‘हे’ आहे आणि गावाचे हेथ. गावाचे नाव अक्कादी ‘हर्रानु’वरून आले, त्याचा अर्थ रस्ता, तांड्यांची वाट. मुलाचे नाव ‘हार’ म्हणजे डोंगर या शब्दाशी जोडतात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. यरीहोतली राहाब (हेथ, अर्थ ‘रुंद, ऐसपैस’) आणि यशया ५१:९ मधला समुद्रातला राहाब (‘हे’, अर्थ ‘उन्मत्त’) यांचीही अशीच गल्लत होते.

आधी वचनाचा संदर्भ लिहून घ्या. मग हिब्रू शब्दाखाली स्ट्राँगच्या शब्द-अनुक्रमणिकेतला क्रमांक देणारी शास्त्राची कुठलीही आवृत्ती मोबाइलवर उघडा. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या या अनुक्रमणिकेत हिब्रू शब्दांना १ ते ८६७४ असे क्रमांक दिले आहेत. माणूस हारान २०३९ आहे आणि गाव हारान २७७१, म्हणजे क्रमांक पाहताच दोन नावे वेगळी असल्याचे कळते. तिसरे काम व्यंजने लिहून काढण्याचे. स्वर सोडून द्या, कारण स्वरांच्या खुणा फार नंतरच्या आहेत. व्यंजने मिळाली की नावाचे तुकडे पडतात का ते पाहा : शेवटी ‘एल’ (देव) किंवा ‘या’ (यहोवा या नावाचे छोटे रूप), सुरुवातीला ‘यहो’, ‘यो’ (तेच ईश्वरनाम), ‘अबी’ (माझा पिता), ‘अही’ (माझा बंधू), ‘अम्मी’ (माझा आप्त). उरलेला तुकडा बहुधा क्रियापद असतो, आणि ही क्रियापदे थोडी आहेत. ‘नाथान’ (दिले), ‘शामा’ (ऐकले), ‘एजर’ (साहाय्य), ‘हनान’ (कृपा केली), ‘जखर’ (आठवण ठेवली), ‘शाफाट’ (न्याय केला), ‘हिज्क’ (बळ) एवढी पाठ केली, तरी १ इतिहासातली बरीच नावे आपोआप उलगडतात. योनाथान, नथनेल, मत्तन्या, एलनाथान ही चारही नावे म्हणजे आपला ‘देवदत्त’च.

स्ट्राँगच्या यादीत धातू दिलेला असतो, पण तो एकोणिसाव्या शतकातल्या समजुतीप्रमाणे. उगारित आणि मारी या सीरियातल्या प्राचीन शहरांतले लेख तेव्हा सापडलेलेच नव्हते. त्यामुळे क्रमांकासाठी ही यादी वापरा आणि अर्थासाठी नंतरचा हिब्रू कोश पाहा. संकेतस्थळांवरचे अर्थ बहुतेक याच जुन्या याद्यांतून उचललेले असतात, म्हणून ते एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रश्न : हन्ना म्हणते, ‘मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतले’ आणि मुलाचे नाव शमुवेल ठेवते. पण ‘शमुवेल’चा अर्थ ‘मागितलेला’ होत नाही, असे वाचले. मग शास्त्रातच चूक आहे का? (सोलापूर)

उत्तर : ‘शमुवेल’ म्हणजे ‘एल त्याचे नाव’ किंवा ‘एलचे नाव’. ‘मागणे’ या क्रियापदाची व्यंजने शिन-आलेफ-लामेद आहेत, आणि ‘शमुवेल’मधला मेम (म) त्यात नाही. १ शमुवेल १:२८ मध्ये हन्ना मुलाविषयी जो शब्द वापरते तो हिब्रूत अक्षरशः ‘शाऊल’ असा आहे. म्हणजे ज्या राजाला हा मुलगा पुढे अभिषेक करणार, त्याचे नाव आईच्या तोंडी आधीच येऊन गेले आहे. मराठी वाचताना हे कळायला काही मार्ग नाही, आणि हिब्रू वाचणाऱ्याच्या ते नजरेतून सुटत नाही.

याला चूक म्हणणे बरोबर नाही. नाव ठेवतानाच्या ओळी व्युत्पत्ती सांगण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. नावाच्या उच्चारात काय ऐकू येते ते त्या सांगतात. उत्पत्ती ३०:२३-२४ मध्ये योसेफाच्या नावाला लागोपाठच्या दोन वचनांत दोन क्रियापदे जोडली आहेत : ‘आसफ’, देवाने माझा कलंक काढून टाकला, आणि ‘योसेफ’, तो मला आणखी एक मुलगा देवो. दोन्ही एकाच वेळी व्युत्पत्ती म्हणून खरी असू शकत नाहीत, आणि लेखकाला त्याची अडचण वाटत नाही. उत्पत्ती ५:२९ मध्ये नोहाच्या नावाला ‘सांत्वन’ हे क्रियापद जोडले आहे, त्यात नावात नसलेला मेम आहे. रऊबेन म्हणजे सरळ ‘पाहा, मुलगा!’, पण लेआ म्हणते ‘परमेश्वराने माझे दुःख पाहिले’.

मोशेचे उदाहरण जरा वेगळे आहे. निर्गम २:१० मध्ये ‘पाण्यातून काढले’ या अर्थाचे ‘माशा’ हे हिब्रू क्रियापद येते, पण नाव ठेवते ती फारोची मुलगी. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, भाषेत ‘मोस’ म्हणजे जन्मलेला. थुतमोस, रामसेस या राजांच्या नावांत तेच पद आहे. लेवी वंशात आणखीही मिसरी नावे दिसतात, आणि त्यांतले फिनहास हे सर्वांत स्पष्ट : मिसरी भाषेत ‘पा-नेहसी’ म्हणजे ‘नूबियाचा, काळ्या वर्णाचा’.

प्रश्न : यहोयाखीन, यखन्या आणि कोन्या हे तीन राजे की एक? (पुणे)

उत्तर : एकच. ‘याखीन’ किंवा ‘यखोन’ म्हणजे ‘तो स्थिर करील’. ईश्वरनाम आधी ठेवले की यहो-याखीन (२ राजे २४:८), नंतर ठेवले की यखन-या (१ इतिहास ३:१६), आणि क्रियापदाचा पहिला योद (य) गळला की कोन्या (यिर्मया २२:२४). हिब्रूत अशी उलटापालट चालते. बथशेबेच्या वडिलांचे नाव २ शमुवेल ११:३ मध्ये अलीयाम आणि १ इतिहास ३:५ मध्ये अम्मीएल आहे, तेही असेच. वंशावळी ताडून पाहताना नावे जुळली नाहीत, तर आधी तुकड्यांची अदलाबदल करून बघा.

नाव मुद्दाम बदलल्याची उदाहरणे मात्र वेगळी ठेवा. मिसरच्या राजाने एल्याकीमाचे नाव यहोयाकीम केले (२ राजे २३:३४), बाबेलच्या राजाने मत्तन्याचे सिद्कीया (२४:१७). मांडलिक राजावरचा ताबा त्यातून दाखवला जाई.

यहोयाखीनाच्या नावाला शास्त्राबाहेरचा पुरावाही आहे. नबुखद्नेस्सराच्या बाबेलमधल्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, १९३९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत ‘यहूदाचा राजा याऊकीन’ आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्याचा नातू जरुब्बाबेल याचे नाव तर हिब्रूही नाही. अक्कादीत त्याचा अर्थ ‘बाबेलचे बीज’ असा आहे. बंदिवासात जन्मलेल्या पिढीचे हे नाव आहे.

प्रश्न : शौलाच्या मुलाचे नाव एके ठिकाणी इश्बोशेथ, दुसरीकडे एश्बाल. कोणते खरे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मूळ एश्बाल, ‘बालाचा माणूस’. १ इतिहास ८:३३ ने जुने रूप टिकवले आहे. २ शमुवेलाच्या पाठात ‘बाल’च्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे ‘लाज’, आले. योनाथानाचा मुलगा मरीब्बाल (१ इतिहास ८:३४) त्याचप्रमाणे मफीबोशेथ झाला. ‘बाल’ याचा साधा अर्थ धनी, स्वामी, आणि आरंभीच्या काळात तो शब्द इस्राएलाच्या देवासाठीही वापरला जात असावा. दाविदाच्याही एका मुलाचे नाव १ इतिहास १४:७ मध्ये बेल्यादा आहे, २ शमुवेल ५:१६ मध्ये त्याचे एल्यादा झाले. पुढे बालाच्या पूजेशी झगडा पेटल्यावर तो शब्द उच्चारणेही नकोसे झाले. यहूदाच्या टेकड्यांतल्या खिर्बेत कैयाफा इथल्या एका रांजणावर ‘एश्बाल बिन बेदा’ असे कोरलेले सापडले, २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. तो शौलाचा मुलगा नव्हे, पण त्या काळी हे नाव लोक ठेवत होते याचा तो पुरावा आहे.

प्रश्न : नातीचे नाव ‘अबीया’ ठेवावे असे मनात आहे. पण त्याचा अर्थ ‘परमेश्वराचा पिता’ होतो, असे कुणी सांगितले. (मिरज)

उत्तर : खुशाल ठेवा. ‘परमेश्वर माझा पिता आहे’ असा त्याचा अर्थ आहे, म्हणजे नावातला पिता परमेश्वर, नाव धारण करणारी व्यक्ती नव्हे. हिज्कीया राजाच्या आईचेच नाव अबीया होते (२ इतिहास २९:१), २ राजे १८:२ मध्ये तेच तोडून ‘अबी’ केले आहे. अबी, अही, अम्मी यांनी सुरू होणारी नावे बहुधा अशी छोटी वाक्ये असतात : अहीएजर, ‘माझा बंधू साहाय्य आहे’.

नावातल्या ‘एल’ आणि ‘या’वरून काळाचाही थोडा अंदाज येतो. गणना १:५-१५ मध्ये बारा सरदार आणि त्यांचे वडील मिळून चोवीस नावे आहेत. एलीसूर, शलुमीएल, सुरीशद्दय, अम्मीशद्दय अशी ‘एल’, ‘सूर’ म्हणजे खडक, आणि ‘शद्दय’ यांनी ती भरलेली आहेत, पण एकातही ‘या’ नाही. निर्गम ६:३ मध्ये देव म्हणतो की पूर्वजांना मी एल शद्दय म्हणून प्रकट झालो, यहोवा या नावाने त्यांना माहीत नव्हतो. यादी त्या वचनाशी मेळ खाते. मोशेची आई योखबेद हिच्या नावातला ‘यो’ मात्र याला अपवाद दिसतो. उलट १९३५ साली यहूदातल्या लाखीश या शहराच्या जागी सापडलेल्या, यरुशलेमेच्या पाडावाच्या सुमाराच्या एका खापरावर पाच माणसे वडिलांच्या नावांसह लिहिलेली आहेत, आणि त्या दहा नावांपैकी आठ ‘याहू’ने संपतात.

प्रश्न : ‘मरिया’ म्हणजे ‘समुद्रतारा’ हे बरोबर का? (वसई)

उत्तर : भक्तिपरंपरेत ते नाव जुने आणि मानाचे आहे, पण हिब्रू व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही. मरिया हे मिर्यामचे ग्रीकमधून आलेले रूप. चौथ्या शतकाच्या अखेरीस शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने ‘मार’ (थेंब, यशया ४०:१५) आणि ‘याम’ (समुद्र) असे तुकडे पाडून लॅटिनमध्ये ‘स्तिल्ला मारिस’, म्हणजे समुद्राचा थेंब, असा अर्थ दिला. नकला करताना ‘स्तिल्ला’चे ‘स्तेल्ला’ झाले आणि थेंबाचा तारा बनला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मोशेची बहीण मिर्याम मिसरात जन्मली, हे ध्यानात घेऊन काही अभ्यासक ‘मिर्याम’ मिसरी ‘मरी’ म्हणजे प्रिय या शब्दाशी जोडतात.

प्रश्न : कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या जुन्या नोंदींत हसाजी, सामाजी अशी नावे दिसतात. ती हिब्रू आहेत का? (अलिबाग)

उत्तर : हो, मराठी वळणाची हिब्रू नावे. सामाजी म्हणजे शमुवेल आणि हसाजी म्हणजे यहेज्केल. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली शार हारहमीम हे सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाची दोन्ही नावे नोंदींत मिळत असल्याने ही जोडी खात्रीने सांगता येते. आडनाव दिवे गावावरून आले आहे.

घराण्याची वंशावळ लावायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा. ‘जी’ काढून जे उरते ते बहुतेक वेळा नावाच्या मधला किंवा सुरुवातीचा तुकडा असतो. ‘यहेज्केल’चा ‘य’ आणि शेवटचा ‘एल’ गेल्यावर ‘हसाजी’ होतो. म्हणून नुसत्या पहिल्या अक्षरावरून मूळ नाव ठरवू नका. दुसरे, एसाजी, आबाजी, दादाजी ही नावे मराठी मुलखात इतरही समाजांत होती. नावावरून कूळ ठरवू नका. आधी सिनेगॉगची विवाहनोंद किंवा कबरीवरचा लेख पाहा, कारण तिथे हिब्रू नाव वडिलांच्या नावासह लिहिलेले मिळण्याची शक्यता जास्त असते.